रिलॅप्स विल कम, सर

“ही इज नॉट अ क्रिमिनल! ही इज अ पेशंट! पे-शं-ट!”

तू बाकावर चढून ओरडत होतास, मन्या. जयपुरात, राजा पार्कातल्या त्या वरच्या मजल्यावरच्या इंग्रजीच्या क्लासात, संध्याकाळच्या वेळी. खालच्या कचोरीवाल्याच्या कढईतलं तेल हेलकावलं, समोरच्या कापडाच्या दुकानातले तागे आपोआप उलगडले, आणि तिकडे आमेरच्या चढावर हत्ती थबकून एकमेकांकडे बघायला लागले. हे मी आजवर इतक्या जणांना सांगितलंय की आता मला स्वतःला ते हत्ती दिसतात.

“मनोहरजी,” माथूर मॅडम चष्मा पुसत म्हणाल्या, “धिस इज अ डिस्कशन. कुश्ती नहीं है. बैठ जाइए.”

तू बसला नाहीस. माझ्याकडे बोट करून म्हणालास, “मॅडम, पहिले याले सांगा. हा साताऱ्या सगळ्याइले जेलात टाकून राहिला.”

टाकतच होतो मी. ‘डिटरंट’ हा शब्द मला आदल्या दिवशीच मिळाला होता आणि नव्या चपलेसारखा तो मी जिथेतिथे घालून मिरवत होतो. शिक्षेचा धाक म्हणजे डिटरंट. कडक कायदा करा, दोन-चार नशेबाजांना चांगलं आत टाका, बाकीचे आपोआप सुधारतील, असं माझं साधं, सरळ, सातारी मत. आणि ते मी ‘आय स्ट्राँगली फील’ अशी सुरुवात करून मांडलं होतं, म्हणजे ते खरं असणारच.

तू गेलास त्याला अजून महिना व्हायचाय. इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी तुझ्यावर काहीतरी लिही म्हणून मला सांगितलंय. तुझा जन्म, बदल्या, तू पार्सल ऑफिसात कधी लागलास, हे कोणीतरी दुसरं लिहील. त्यांच्याकडे सर्व्हिस रेकॉर्ड आहे. माझ्याकडे आपलं भांडण आहे. अर्धं राहिलेलं. ते मी एकटाच पुढे चालवणार, आणि तुला उत्तर देता येणार नाही, याचा मला पहिल्यांदाच काडीचाही आनंद होत नाहीये.

क्लास आपण लावला तो प्रमोशनच्या इंटरव्ह्यूसाठी. नागपूरचा तू, साताऱ्याचा मी, दोघेही जयपूरच्या रेल्वे क्वार्टरमध्ये भिंतीला भिंत लावून राहणारे. हिंदी आपली अशी की भाजीवाला आपल्याला बघून दुसऱ्या गिऱ्हाइकाला ‘देखो, अब बोलेंगे’ म्हणायचा. आणि इंग्रजी अर्जापुरती. इंटरव्ह्यूत चालू घडामोडींवर चर्चा असते, अशी कुठूनतरी बातमी आली. त्या वर्षी अमली पदार्थांचा नवा कायदा आलेला, वर्तमानपत्रं त्याच्यावरच उकळत होती, म्हणून मॅडमनी तोच विषय धरला. फळ्यावर शब्दांची माळ लावायच्या. प्रोहिबिशन. ट्रॅफिकिंग. अ‍ॅबस्टिनन्स. विड्रॉवल. स्टिग्मा. रिहॅबिलिटेशन. शेवटचा तर इतका लांब की फळ्याला लागून असलेल्या खिडकीतून बाहेर जवाहर नगरच्या पहिल्या घरापर्यंत पोचायचा.

परत येताना आपण सायकलवरून ते शब्द घोकत यायचो. तू पुढे, मी मागे. उंटगाडीवाला आडवा आला की तू “स्टिग्मा! स्टिग्मा!” असं ओरडायचास आणि तो बिचारा शिवी समजून उंट बाजूला घ्यायचा. अजमेरी गेटाजवळच्या ट्रॅफिक हवालदाराला तू एकदा ‘अ‍ॅबस्टिनन्स’ ठोकलास. त्याने सलाम केला. हे मात्र खरं आहे, देवाशप्पथ. म्हणजे तुझा देवावर विश्वास नव्हता म्हणून मी माझ्या देवाची घेतो.

मला वाटायचं, याला भाषेची हौस आहे. एक दिवस पुलाच्या चढावर तू सायकलवरून उतरलास आणि चालायला लागलास. मीही उतरलो. तू पुढे बघतच म्हणालास, “दिल्या पावडर घेऊन राहिला बे.”

दिलीप. तुझा धाकटा भाऊ. तुझे बाबा बदलीवर इथे आले तेव्हा तू शिकायला नागपुरातच राहिलास, तो मात्र इथेच जन्मलेला. मराठीत ‘मतलब’ घातल्याशिवाय ज्याचं वाक्य चालूच व्हायचं नाही असा. बाबा गेल्यावर त्यालाही तूच चिकटवलंस इंजिनांच्या शेडमध्ये खलाशी, म्हणजे मदतनीस म्हणून. गोरा, उंच, हसरा पोरगा. मी विचारलं, “कधीपासून?” तू म्हणालास, “आईनं गेल्या महिन्यात विचारलं, घरातली चांदीची पन्नी कुठं जाते रे. त्याच्यावरच जाळून ओढतेत ना ते. तवा समजलं.”

आणि मग तू ते वाक्य म्हणालास ज्याच्यावर आपण पुढची सगळी वर्षं भांडलो.

“आपल्या भाषेत याच्यासाठी शब्दच नाही ना बे. गर्दुल्ला म्हण, नशेडी म्हण, वाया गेला म्हण. सगळ्या शिव्याच आहेत. आपल्या सख्ख्या भावाबद्दल बोलाचं तर शिवी देऊनच बोला लागते. इंग्रजीत पाह्य कसं आहे, डिपेंडन्स. सबस्टन्स डिपेंडन्स. कसं डॉक्टरच्या घरून आल्यावानी वाटते.”

मी म्हणालो, “मराठीत सवय म्हणतात. तलफ म्हणतात. एवढं काय?”

“सवय चहाची असते,” तू म्हणालास.

मी म्हणालो, इंग्रजीत नाव ठेवलं म्हणून रोग बरा होत नाही. तू म्हणालास, नाव ठेवल्याशिवाय त्याच्याबद्दल बोलता येत नाही, आणि बोलल्याशिवाय बरा होत नाही. पूल संपला, सायकली चालू झाल्या, आपण दोघं आपापल्या मतावर कायम. मी अजूनही आहे. आता तू नाहीस तर बदललं, असं समजू नकोस.

तर ती भाषा मग तुमच्या घरात शिरली. आईला कळू नये म्हणून तू आणि मी अंगणात बसून दिलीपबद्दल इंग्रजीत बोलायला लागलो. आहाहा, काय ते इंग्रजी! माथूर मॅडमनी ऐकलं असतं तर फी परत करून हिमालयात गेल्या असत्या. “टुडे ही इज हॅविंग व्हेरी मच क्रेव्हिंग.” “येस, बट लास्ट वीक फुल अ‍ॅबस्टिनन्स.” आई जवळच दाराच्या पायरीवर बसून तूरडाळ निवडायची. ढिम्म. जणू आकाशवाणीवर संस्कृत बातम्या चालल्या आहेत.

आणि एका संध्याकाळी मी आलो, तू अजून ड्यूटीवरून यायचा होतास. आई म्हणाली, “बसा शिंदेभाऊ.” पाणी दिलं. मग सुपावरून मान वर न करता म्हणाली, “रिलॅप्स म्हणजे पुन्हा घेतलं का हो बाप्पा त्यानं?”

मन्या, माझ्या हातातलं पाणी माझ्या विजारीवर सांडलं. एवढी वर्षं मी थापा मारतो, पण त्या वेळी एक साधी थाप सुचली नाही. मी म्हणालो, “हो आई.”

“मग मनोहर काल म्हणत होता ते बरोबर आहे,” ती म्हणाली. “विड्रॉवलमध्ये अंग फार दुखते म्हणते. मी रात्री त्याचे पाय दाबून देते. तुमी मनोहरले सांगू नका मले समजते म्हणून. त्याले तेवढंच एक बोलाले मिळते.”

मी नाही सांगितलं. तू गेलास तरी नाही सांगितलं. आता सांगतोय. तुझी आई आपल्या दोघांपेक्षा जास्त शब्द शिकली, आणि क्लासची पायरीही न चढता.

भंवरजींच्या मुलीच्या लग्नाची आठवण मात्र मी हसल्याशिवाय लिहू शकत नाही. आमेरच्या पलीकडचं त्यांचं गाव. भंवरजी म्हणजे आपल्या यार्डातले पॉइंट्समन, रूळ बदलणारे, मिशा अशा की सिग्नलला झेंडी नसली तरी चालेल. वऱ्हाड मारवाडकडचं. मांडवात जाजमावर म्हातारे बसलेले, आणि मधोमध एक बाबासा, पांढरा फेटा, तळहातावर अफूचं पाणी घेऊन एकेका पाहुण्यापुढे हात करतायत. त्यांच्याकडची रीतच तशी. मनवार म्हणतात. पाहुण्याने त्या तळहातातूनच ओठ लावून घ्यायचं. नाही म्हणणं म्हणजे यजमानाच्या तोंडावर थुंकल्यासारखं.

मी पुढे होतो. मी घेतलं. एक थेंब. मला वाटतं, त्यानंतर मी दोन तास भंवरजींच्या म्हशीशी कायद्यावर चर्चा केली. म्हैस माझ्या मताची होती.

मग हात तुझ्यापुढे आला. मी बघत होतो. दिलीप तेव्हा तुझ्या शेजारी बसलेला. तू त्याला नजरेआड होऊ द्यायचा नाहीस म्हणून लग्नाला पण घेऊन आलेलास. पुढचा हात त्याच्यापुढे येणार होता.

“मनवार है सा,” बाबासा म्हणाले. “ना मत करो.”

सगळा मांडव बघतोय. भंवरजींची मान ताठ. आणि तू काय केलंस? तू खाली वाकलास, बाबासांच्या तळहातावर आपलं कपाळ टेकवलंस. सगळं पाणी भुवयांवरून, नाकावरून गळायला लागलं. आणि तसाच मान खाली घालून तू म्हणालास, “बाबासा, हम दोनों भाइयों का मैंने माथे चढ़ा लिया.”

मग बाबासा असे हसले की त्यांचा फेटा सुटला. “अरे, मराठा तो माथे सूं पी गयो!” म्हणत त्यांनी ओला हात दिलीपच्या डोक्यावरून नुसता फिरवला आणि पुढच्या पाहुण्याकडे वळले. अपमान झाला नाही, रीत मोडली नाही, पोरगा सुटला. मी इतकी वर्षं किस्से रचतोय, मन्या, पण हा मला रचता आला नसता.

दुसऱ्या दिवशी क्लासात तू मॅडमना विचारलंस, त्या बाबासांना कुठल्या शब्दात बसवायचं? पेडलर? अ‍ॅडिक्ट? मॅडमनी दोन्ही शब्द फळ्यावर लिहिले आणि दोन्ही पुसले. मी म्हणालो, कायदा म्हणजे कायदा, बाबासा असो की कोणी. तू म्हणालास, “मंग तूही आत चाल. तूही चाटलं.” वर्ग हसला. मॅडमही हसल्या. म्हैस नव्हती, नाहीतर तीही हसली असती.

इंटरव्ह्यूचं काय सांगायचं. मी पास झालो आणि तू नापास, कारण तुझं इंग्रजी माझ्यापेक्षा फार चांगलं होतं. मला विचारलं, व्हॉट आर युवर हॉबीज. मी म्हणालो, गार्डनिंग. तुला तेच विचारलं आणि तू प्रोहिबिशनच्या अपयशावर सुरू झालास. दाराबाहेर आम्ही ऐकत होतो. तीन साहेबांपैकी एकाने पंखा वाढवला, दुसऱ्याने चहा मागवला, तिसऱ्याने म्हणे त्याच आठवड्यात बदली मागून घेतली. तू बाहेर आलास तो घामाघूम आणि खूश. म्हणालास, “पूर्ण बोलू दिलं बे त्याइनं.” पुढे माझ्या नव्या खुर्चीवर बसून तूच पहिला चहा प्यायलास आणि खुर्ची करकरते म्हणून तक्रार केलीस. त्या चहाच्या वेळी मी काहीतरी बोलायला हवं होतं. तुझ्यामुळे मला तोंड उघडता यायला लागलं, असं काहीतरी. मी म्हणालो, बिस्कीट घे.

पण आपलं मुख्य भांडण दिलीपच्या चौकशीचं.

तो कामावर येईनासा झाला. आला तर शेडच्या मागे सापडायचा. शेवटी खात्याची चौकशी लागली. बडतर्फीच होणार असं सगळे म्हणत होते. अशा चौकशीत माणसाला आपला एखादा सहकारी मदतीला घेता येतो, त्याची बाजू मांडायला. दिलीपने तुझं नाव दिलं. मी साक्षीला म्हणून बाकावर बसलेलो. चौकशीचे साहेब दक्षिणेकडचे. हिंदी त्यांना तुझ्या-माझ्याहूनही कमी. म्हणजे जे काही व्हायचं ते इंग्रजीतच.

तू उभा राहिलास. इस्त्रीचा शर्ट. आणि सुरू झालास. डिपेंडन्स, विड्रॉवल, स्टिग्मा, रिहॅबिलिटेशन. एकही शब्द अडखळला नाही. हा दुर्वर्तनाचा प्रश्न नाही सर, आजाराचा आहे. नोकरी काढून घेतलीत तर त्याला सकाळी उठायचं कारणच राहणार नाही. दिलीप खाली मान घालून बसलेला, हात मांडीखाली दाबून.

साहेब पेन खाली ठेवून म्हणाले, “आर यू अ डॉक्टर?”

“नो सर. पार्सल क्लार्क.”

साहेबांनी समोरची फाइल मिटली. मग त्यांनी सरळ विचारलं. समजा मी याला औषधोपचाराची रजा दिली, नोकरी ठेवली. तुम्ही मला खात्री देता का, की हा पुन्हा घेणार नाही?

मन्या, दार उघडं होतं. सताड उघडं. ‘येस सर’ म्हणायचं आणि आत जायचं. त्याच्यासाठी क्लासही लागत नाही. मी मागून तुझा शर्ट ओढला. इतक्या जोरात ओढला की तुझी कॉलर कानाला लागली.

आणि तू म्हणालास, “नो सर. रिलॅप्स विल कम.”

खोलीतला पंखा बंद पडला. म्हणजे पडला नसेल, पण मला तसं ऐकू आलं. दिलीपने पहिल्यांदा मान वर केली आणि तुझ्याकडे बघितलं. मी मनात तुझ्या सात पिढ्यांचा उद्धार करत होतो.

तू पुढे म्हणालास, आणि आता तुझं इंग्रजी पार घसरलं होतं, “कमिंग इज शुअर, सर. वन टाइम, टू टाइम, आय डोन्ट नो. आय अ‍ॅम आस्किंग जॉब फॉर आफ्टर दॅट. आफ्टर रिलॅप्स, ही मस्ट हॅव सम प्लेस टू कम बॅक.”

साहेबांनी पेन उचललं. कागदावर काहीतरी लिहिलं आणि उद्या निर्णय कळेल म्हणाले. बाहेर आल्यावर मी तुला पायऱ्यांवरच गाठलं. “अरे शहाण्या, हो म्हणायला काय झालं होतं? खोटं बोलायचं ना! मी रोज बोलतो, मला काय झालंय?”

“तू म्हशीशी बोलतं,” तू म्हणालास. “आज येस म्हटलं, अन् उद्या तो पडला, तर मंग कोणत्या तोंडानं पुन्हा येऊ?”

पगारवाढ थांबली, नोकरी राहिली. आणि तू म्हणाला होतास तसंच झालं, तो पडला. पुन्हा पडला. तू दोन्ही वेळेला त्याच साहेबांकडे गेलास, आणि त्यांनी तुला दोन्ही वेळेला बसायला खुर्ची दिली. मी मात्र म्हणतच राहिलो, की नशीब चांगलं होतं म्हणून निभावलं. दुसरा साहेब असता तर तुझ्या खरेपणापायी पोराची भाकरी गेली असती. नाही पटत मला. अजूनही नाही. तू दिलीपची नोकरी पत्त्यासारखी टेबलावर टाकलीस. गेल्या दिवाळीलाही आपण यावर भांडलो, आणि तू फराळाचं ताट हातात घेऊन म्हणालास, “पुढच्या दिवाळीले बोलू.” ही कुठली पद्धत झाली भांडण सोडून जायची?

गेल्या दोन होळ्या दिलीप कोरडा आहे, पावडरीला शिवलेला नाही. हे मी आईसमोर मोठ्याने म्हणत नाही. तूही म्हणायचा नाहीस.

आता कालचं सांगतो. काल तुझं पुण्यानुमोदन झालं, तुमच्या बौद्ध रीतीचं. वंदना झाली, सगळ्यांनी फुलं वाहिली, माथूर मॅडम आल्या होत्या, काठी टेकत. भंवरजी आले, मिशा उतरल्यासारख्या. मी बोलायला उठलो आणि मला बोलता आलं नाही, मन्या. मला. लोकांना वाटलं असेल मी नाटक करतोय.

जेवणं चालली होती. मी खिडकीशी उभा होतो आणि मला फाटकाशी तो दिसला. दिलीपचा शेडमागचा जुना दोस्त. आत आला नाही, फुलं नाहीत, नुसता फाटकाला हात लावून उभा. घर दुःखात असलं की ही माणसं येतात, हे मला तूच सांगितलं होतंस. दिलीपने त्याला बघितलं. हातातलं वाढायचं भांडं खाली ठेवलं आणि फाटकाकडे गेला.

आई आत चुलीपाशी. तू भिंतीवर, हार घालून. राहिलो मी. मला वाटलं धावत जावं, त्या माणसाची मानगूट धरावी, पोलिसांना बोलवावं, डिटरंट, डिटरंट! पण मी खिडकीशीच उभा राहिलो. ते दोघं बोलत होते. दिलीपची पाठ माझ्याकडे. त्या माणसाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तू असतास तर काय केलं असतंस, हे मला अजिबात सुचेना, आणि त्यासाठीच मला तुझा सगळ्यात जास्त राग आला.

मग तो माणूस गेला. दिलीप परत आला, पायरीवर हात धुतले, भांडं उचललं. मी त्याच्याजवळ गेलो. हळूच विचारलं.

“काय म्हणत होता रे?”

“संध्याकाळी ये बोलला.”

“मग? तू काय सांगितलंस?”

“मतलब काय सांगणार दादा,” तो म्हणाला. “बोललो, उद्या सकाळची ड्यूटी आहे.”